आजारपणातून उठलेली घोडी पुन्हा भरवावी का?

तुमचा प्रश्न असा: घोडी १४ वर्षांची, पूर्वीची दोन शिंगरं सुखरूप झालेली. दोन वर्षांपूर्वी पुढच्या दोन्ही पायांना लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थरांची सूज) झाला, त्यातून उठली, आता नीट चालते. गेल्या वर्षी आठव्या महिन्यात गाभडली. जारेला संसर्ग झाला होता असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर दोनदा भरवली (घोडा लावला), दोन्ही वेळा उलटली (गाभण राहिली नाही), आणि सोनोग्राफीत गर्भाशयात पाणी साठलेलं दिसलं. या हंगामात पुन्हा भरवायची का, आणि राहिलीच तर अकरा महिने तिला कसं सांभाळायचं?

भरवता येईल असं मला वाटतं, पण हंगामाच्या पहिल्या माजावर नाही आणि तपासण्या झाल्याशिवाय तर नाहीच. “एकदा गाभण राहिली की आपोआप सुधारेल” असं तुम्हाला कुणी सांगितलंय, ते डोक्यातून काढून टाका. गाभणपणाने काहीही सुधारत नाही. ५०० किलोच्या घोडीच्या अंगावर शेवटच्या महिन्यात ६० ते ७५ किलो जादा भार असतो. घोड्याचं जवळजवळ ६० टक्के वजन पुढच्या पायांवर पडतं, म्हणजे हा भारही बराचसा त्याच दुखऱ्या खुरांवर येणार. शरीर इन्सुलिनला आधीच नीट दाद देत नसेल तर गाभणपणात ती दाद आणखी कमी होते. शिवाय औषधांना मर्यादा येतात आणि खाणं फार तोडता येत नाही. जे दुरुस्त करायचं ते घोडी भाकड असतानाच करून घ्यावं लागतं. भाकड महिने वाया जातात असं मालकांना वाटतं; मला तेच सगळ्यात कामाचे वाटतात.

खुरांपासून सुरुवात करू. लॅमिनायटिस का झाला होता हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. धान्याची कोठी फोडून खाल्ल्यामुळे किंवा मोठ्या तापामुळे एकदाच झालेला लॅमिनायटिस वेगळा. शरीराच्या साखर-इन्सुलिनच्या बिघाडातून आलेला वेगळा. तो मूळ कारण असेपर्यंत पुन्हा येतो. मानेच्या वरच्या कडेला टणक चरबीचा उंचवटा, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाठी, आणि एरवी बरगड्या हाताला लागत असूनही या दोन जागा भरलेल्या, असं असेल तर इन्सुलिन तपासायलाच हवं. १४ वर्षं म्हणजे कुशिंग्जचं (मेंदूतल्या ग्रंथीचा, उतारवयातला संप्रेरकांचा बिघाड) वयही जवळ आलं. त्यासाठी रक्तातलं एसीटीएच हे संप्रेरक पाहतात. ते शरद ऋतूत निरोगी घोड्यांतही वाढतं, म्हणून रिपोर्ट त्या ऋतूच्या मापाने वाचणारा डॉक्टर हवा. कुशिंग्ज निघाला तर पर्गोलाइडची गोळी बहुधा आयुष्यभर चालते. पण हे औषध प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक दाबतं आणि घोडीचं दूध आटू शकतं. म्हणून अनेक डॉक्टर विण्याच्या साधारण महिनाभर आधी ते थांबवतात आणि व्याल्यावर परत कधी सुरू करायचं ते दूध पाहून ठरवतात. हा हिशेब गाभण करण्याआधी मांडून ठेवा.

दोन्ही पुढच्या खुरांचे बाजूने एक्स-रे काढा, मागे काढले असले तरी नवे काढा. आतलं हाड किती फिरलंय, किती खाली उतरलंय आणि तळव्याची जाडी किती उरलीय हे त्यातून कळतं. नालबंदाला ते एक्स-रे प्रत्यक्ष दाखवा, फोनवर सांगू नका. चांगला नालबंद पुढची टाच-बोटांची लांबी त्यावरूनच ठरवतो, आणि अशा घोडीला दर ४ ते ६ आठवड्यांनी हात लागायला हवा. मऊ जमिनीवर सरळ चालते म्हणून खूर बरा झाला असं धरू नका. कठीण जमिनीवर लहान वर्तुळात वळवून पाहा. आखडणारी घोडी तिथे उघडी पडते.

रोज करायची एक गोष्ट आहे, ती तुमच्या मोतद्दारालाही शिकवा. घोट्याच्या मागे, सांध्याच्या दोन्ही अंगांना बोटं हलकी ठेवली की शिरेची धडधड लागते. निरोगी घोडीत ती इतकी बारीक असते की शोधावी लागते. बोटं टेकताच ठोके हाताला आदळायला लागले, खुराची भिंत दुपारच्या उन्हात नसतानाही गरम लागली, किंवा घोडी उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकायला लागली, तर लंगडायची वाट पाहू नका. त्याच क्षणी खाली जाड मऊ अंथरूण, चंदी बंद, खुरांना बर्फ आणि डॉक्टरांना फोन. रोज सकाळी खरारा करतानाच हात लावला तर तुमच्या घोडीचा नेहमीचा ठोका बोटांना पाठ होतो. तो पाठ नसेल तर बिघाड कळणार कशावरून?

आता खाणं. इथे लोक दोन टोकांना जातात. कुणी “पोटात बाळ आहे” म्हणून पहिल्या महिन्यापासून चंदी वाढवतो, कुणी लॅमिनायटिसच्या धास्तीने गाभण घोडीला उपाशी मारतो. दोन्ही चूक. गर्भाची सुमारे ६० टक्के वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. त्याआधी घोडीला जादा खुराक लागतच नाही. आणि लठ्ठ घोडीचं खाणं गाभणपणात एकदम तोडलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बिघडतं. पोनी आणि लहान जातींत तर यात जीवही जातो. म्हणून वजन उतरवायचं ते भरवण्याआधीच. अंगावरची चरबी जोखायच्या हेनेकेच्या १ ते ९ च्या मापावर घोडी ५ ते ६ वर आणा: बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज मोजता याव्यात. वाळकं गवत वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली नेऊ नका, म्हणजे ५०० किलोला साडेसात किलो. गवतात साखर जास्त असेल तर अर्धा-एक तास गार पाण्यात भिजवून, पाणी ओतून टाकून द्या. त्याबरोबर खनिजं, जीवनसत्त्वं आणि प्रथिनं देणारा थोडासा बॅलन्सर. धान्य नाही. शेवटच्या तीन महिन्यांत ऊर्जा वाढवायची झाली तर तेल आणि तंतुमय खाद्यातून वाढवा, गूळ-धान्यातून नको. हिरवं रान चरायला मिळत असेल तर तोंडाला जाळी बांधूनच सोडा.

पायांकडून समाधान झालं की मग गर्भाशय. तुमचा खरा अडसर मला इथे दिसतो.

भरवल्यावर प्रत्येक घोडीच्या गर्भाशयाला सूज येते. वीर्याला शरीर परकं समजतं, पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि तरुण घोडीचं गर्भाशय आकुंचन पावून एक-दीड दिवसात सगळं बाहेर टाकतं. वय झालेल्या, दोन-तीन वेळा व्यालेल्या घोडीत ते ओटीपोटात खाली लोंबतं, आकुंचन कमी पडतं आणि पाणी तिथेच राहतं. पाचव्या-सहाव्या दिवशी नळीतून खाली येणारा गर्भ त्या डबक्यात उतरतो आणि संपतो. मालकाला फक्त एवढंच दिसतं की घोडी उलटली. घोडा चांगला, माज चांगला, बीज चांगलं, आणि तरी उलटते, तर नव्वद वेळा नुसता घोडा बदलून काय होणार?

आधी मागून बघा. शेपूट बाजूला धरून योनीचे ओठ पाहा. ते उभे, घट्ट मिटलेले आणि त्यांचा निदान दोन-तृतीयांश भाग कमरेच्या हाडाच्या पातळीच्या खाली असायला हवा. वयस्कर, थोडी खंगलेली घोडी असेल तर गुदद्वार आत ओढलं जातं, ओठ तिरपे होतात, शेण त्यावर पडतं आणि चालताना हवा आत ओढल्याचा आवाजही ऐकू येतो. गेल्या वर्षी आठव्या महिन्यात जारेला झालेला संसर्ग याच वाटेने, खालून वर चढला असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. तसं असेल तर वरचा भाग टाके घालून मिटवण्याचं कॅस्लिकचं छोटं ऑपरेशन करून घ्या. उभ्या घोडीवर, जागा बधिर करून होतं. ते न करता नुसती प्रतिजैविकं देत राहणं मला पैशांचा अपव्यय वाटतो.

मग माजात असताना गर्भाशयातून दोन नमुने: जंतू वाढवून बघायला एक, पेशी बघायला एक. दोन्ही हवेत. जंतू सापडले आणि सुजेच्या पेशी नाहीत, तर ते बाहेरून चिकटून आलेले असू शकतात. पेशी आहेत आणि जंतू नाहीत, तर ते खोल दडलेले असू शकतात. आणि तिसरी, जी लोक टाळतात, ती गर्भाशयाच्या अस्तराची बायॉप्सी. अस्तराच्या ग्रंथींभोवती किती व्रण धरलेत ते बघून केनीच्या पद्धतीने त्याची प्रत लावतात. पहिली प्रत असेल तर शिंगरू पूर्ण दिवसांचं होण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर असते. तिसऱ्या प्रतीत ती १० टक्क्यांच्या आसपास येते. मधल्या दोन प्रतींत (२-अ आणि २-ब) उपचार, वेळ आणि डॉक्टरांचा हात यावर सगळं अवलंबून. तिसरी प्रत आली तर तिच्या पोटी गर्भ वाढवण्याचा नाद सोडा, असं मी स्पष्ट सांगेन. अस्तरातला व्रण औषधाने जात नाही.

तरीही तिचा वंश हवा असेल तर भ्रूण दुसऱ्या घोडीत वाढवता येतो. मात्र त्यासाठीही गर्भ सात-आठ दिवस तिच्याच गर्भाशयात असतो, म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटत नाही. बीजकोशातून बीज काढून प्रयोगशाळेत फलित करण्याची पद्धत गर्भाशयाला वळसा घालते. घोडी थरोब्रेड असेल तर यातलं काहीच चालणार नाही. त्यांच्या नोंदणीत फक्त प्रत्यक्ष घोडा लावलेलंच शिंगरू धरतात.

समजा बायॉप्सी बरी आली. आता भरवायचं कसं? एकाच वेळी, एकदाच. एक दिवसाआड तीन-तीन वेळा घोडा लावण्याची पद्धत अशा घोडीला घातक, कारण प्रत्येक वेळी नवी सूज. बीजकोशावरचा फुगा ३५ मिलिमीटरच्या पुढे गेला आणि अस्तरावर माजाची सूज दिसली की बीज सुटायचं इंजेक्शन देतात, त्यानंतर साधारण ३६ ते ४८ तासांत बीज सुटतं. त्या अंदाजाने एकदाच भरवा. चार तासांनंतर डॉक्टरांकडून गर्भाशय निर्जंतुक द्रवाने धुऊन घ्या आणि गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी ऑक्सिटोसिन द्या. धुतल्याने वीर्य वाहून जाईल ही भीती नको; कामाचे शुक्रजंतू तोवर नळीत पोहोचलेले असतात आणि गर्भ गर्भाशयात उतरायला पाच-सहा दिवस आहेत. त्या काळात घर साफ करून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत पाणी दिसलं तर पुन्हा धुणं. आणि घोडीला ठाणावर बांधून ठेवू नका, चालवा. हालचालीने गर्भाशय रिकामं व्हायला मदत होते.

चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी चुकवू नका. जुळं असेल तर एक गर्भ चिरडण्याची वेळ हीच, त्यानंतर ते एका जागी रुजतात आणि काम अवघड होतं. घोडीला जुळं झेपत नाही, बहुतेक वेळा दोन्ही जातात. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या हृदयाचा ठोका दिसतो. साधारण ३५ दिवसांनंतर गर्भाशयात तयार होणाऱ्या कपाच्या आकाराच्या पेशीपुंजांमधून एक संप्रेरक सुटतं, ते १२० दिवसांच्या आसपास टिकतं. या काळात गर्भ गेला तरी घोडी लवकर नीट माजावर येत नाही, हंगाम हातचा जातो. म्हणून काही शंका असेल तर ती पस्तिशीच्या आत मिटवा.

पुढचे महिने. पाचव्या महिन्यापासून दर महिन्याला गुदद्वारातून सोनोग्राफी करून गर्भाशयमुखाजवळ गर्भाशय आणि जार यांची एकत्र जाडी मोजून घ्या. २७० दिवसांपर्यंत ७ मिलिमीटरच्या आत, ३०० पर्यंत ८, ३३० पर्यंत १०, त्यापुढे १२ हे चालणारं माप. त्याहून जाडी वाढली, किंवा थर सुटल्यासारखे दिसले, तर बाहेर काही दिसत नसलं तरी उपचार सुरू होतात: गर्भापर्यंत पोचणारं प्रतिजैविक, सूज उतरवणारं औषध आणि गर्भ धरून ठेवणारं अल्ट्रेनोजेस्ट. हे शेवटचं औषध हातमोजे घालूनच द्या. कातडीतून अंगात जातं, आणि गर्भार बाईने तर बाटलीला हातही लावू नये.

घरी तुम्ही बघायचं ते कासेकडे. विण्याच्या दोन ते चार आठवडे आधी कास भरते. आठव्या-नवव्या महिन्यातच भरायला लागली, दूध टपकलं, किंवा शेपटीखाली चिकट स्राव वाळलेला दिसला, तर “यंदा लवकर विणार” असं म्हणून खुश होऊ नका. ते बहुतेक वेळा जार बिघडल्याचं लक्षण असतं. त्याच दिवशी डॉक्टर. वेळेत उपचार झाले तर काही शिंगरं ३२० दिवसांच्या आत येऊनही जगतात, कारण हळूहळू त्रास सोसलेला गर्भ आतच लवकर पिकतो. ३०० च्या आतलं क्वचितच वाचतं.

गाभडवणाऱ्या हर्पीस विषाणूची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात. धनुर्वाताची विण्याच्या ४ ते ६ आठवडे आधी, म्हणजे चिकातून शिंगराला मिळते. त्याच सुमाराला घोडीला विण्याच्या जागी हलवा. शेवटच्या तीन महिन्यांत पोटशूळ झाला तर तो नुसता पोटशूळ समजू नका, गर्भाशयाला पीळही पडलेला असू शकतो. आणि या घोडीला स्टेरॉइड कुणी टोचायला आलं तर तिचा लॅमिनायटिस आधी सांगा.

कॅस्लिकचे टाके असतील तर विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी उघडून घ्या. न उघडता कळा आल्या तर फाटून सगळं नव्याने सुरू. गाभण काळ सरासरी ३४० दिवसांचा, पण ३२० ते ३६५ सगळंच निभतं. त्यामुळे तारखेपेक्षा सडांवर मेण (मेणासारखा वाळलेला चीक) कधी येतं ते पाहा. ते आलं की बहुतेक घोड्या दोन दिवसांत वितात.

पाणी फुटल्यापासून अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. पांढुरक्या पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी दिसली तर जार आधी सुटली आहे. फाडा, डॉक्टरांची वाट पाहू नका, आत शिंगराला हवा नाही. जारेच्या संसर्गाचा इतिहास असलेल्या घोडीत हे घडण्याची शक्यता जास्त, म्हणून त्या रात्री जागं राहणारा माणूस ठरवून ठेवा. एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत पितं, तीन तासांत जार पडलेली. तीन तास उलटले आणि जार लोंबतेय तर तुमच्या घोडीच्या बाबतीत ही आणीबाणी आहे. ओढू नका, घोट्यांच्या वर गाठ मारून बांधा, म्हणजे पायाखाली येणार नाही. आत राहिलेला जारेचा तुकडा सडतो, विष रक्तात जातं आणि तिथून थेट खुरांवर उतरतं. दोन वर्षांपूर्वीचं दुखणं तुम्हाला पुन्हा याच रस्त्याने भेटेल. म्हणून विण्याच्या रात्री बर्फ आधीच आणून ठेवा. जार अडकली तर लंगडण्याआधीच पुढचे पाय घोट्याच्या वरपर्यंत बर्फात घाला आणि दोन-तीन दिवस ठेवा.

पडलेली जार फेकू नका. स्वच्छ जमिनीवर पसरून पाहा: मधलं धड आणि दोन शिंगं, एक मोठं, एक छोटं. छोट्या शिंगाचं टोक शाबूत आहे का? तेच बहुधा आत राहतं. गर्भाशयमुखाजवळचा, जिथून शिंगरू बाहेर आलं तो भाग जाड, तपकिरी, बुळबुळीत असेल तर संसर्ग होता. वजनही करा. जार शिंगराच्या वजनाच्या ११ टक्क्यांच्या आसपास असते. ५० किलोच्या शिंगराला साडेपाच. खूप जड निघाली तर शिंगराची रक्ततपासणी त्याच दिवशी, ते वरून कितीही ताजंतवानं दिसत असलं तरी. पुढचे दहा दिवस घोडीचा ताप सकाळ-संध्याकाळ पाहा. ३८.५ अंश सेल्सियसच्या वर गेला की फोन.

चीक पहिल्या सहा-आठ तासांत पोटात जायला हवा. २४ तासांनंतर आतडी तो शोषत नाहीत. दूध आधी टपकून गेलं असेल तर चीक पातळ झालेला असतो. तेव्हा शिंगराचं आयजीजी (रक्तातली रोगप्रतिकारक प्रथिनं) तपासा. ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर हवं, ४०० च्या खाली असेल तर प्लाझ्मा द्यावाच लागतो.

व्याल्यानंतर आठव्या-दहाव्या दिवशी येणाऱ्या माजावर भरवायचा मोह होईल, दरवर्षी शिंगरू हवं तर तोच हिशेब जमतो. या घोडीला नको. गर्भाशयात पाणी साठतं हे माहीत असताना इतक्या लवकर भरवणं म्हणजे उलटण्याची तयारी. मी तर तिला एक वर्ष भाकडच ठेवेन.

दूध देताना तिला पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते, रोज १० ते १५ लिटर दूध निघतं. इथे थोडी चंदी देणं भाग पडेल, पण लहान-लहान वाट्यांत, आणि धडधड रोज तपासतच. तिसऱ्या महिन्यानंतर दूध कमी होत जातं तशी चंदी उतरवा. शिंगराला पाचव्या महिन्याच्या सुमाराला तोडायला हरकत नाही, तोवर ते स्वतः खायला लागलेलं असतं. तोडण्याच्या आठवडाभर आधी घोडीची चंदी पूर्ण बंद करा, कास दुखेपर्यंत भरणार नाही. दूध आटल्यावर एक महिन्याने इन्सुलिन पुन्हा तपासा, आणि पुढच्या हंगामाचं त्या रिपोर्टवरून ठरवा.